डिस्क वाढवली तरी रूट भरलेलाच: एलव्हीएम असलेल्या लिनक्स टेम्प्लेटचे समस्या निवारण

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कार्यालयांपासून भोसरी-चाकणच्या कारखान्यांमधील सर्व्हर खोल्यांपर्यंत लिनक्सची व्हर्च्युअल मशीन आता बहुतेक ठिकाणी टेम्प्लेटवरूनच, म्हणजे एका तयार नमुना मशीनची प्रत (क्लोन) करून काढली जातात. टेम्प्लेट तयार करताना साठवण एलव्हीएमवर, म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे वाटून देणाऱ्या लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजरवर ठेवली जाते, ती मुख्यतः पुढे जागा वाढवणे सोपे जावे म्हणून. तरीही या मशीनबाबत मला सर्वाधिक वेळा येणारा फोन नेमका त्याच कामाचा असतो: “सर, डिस्क वाढवली, रीबूटपण केलं, पण डीएफ अजून शंभर टक्केच दाखवतंय.” (डीएफ ही किती जागा वापरली गेली ते दाखवणारी कमांड.) हा दोष वारंवार दुरुस्त करताना तपासण्यांचा जो क्रम उपयोगी ठरला, तो येथे देत आहे. उबुंटू, डेबियन आणि रेड हॅटच्या घराण्यातील रॉकी व अल्मा या सर्वांना तो लागू पडतो. जेथे फरक आहे तेथे तसे लिहिले आहे.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण असे की हायपरव्हायजरच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर डिस्क ८० किंवा १०० जीबीची दिसते, परंतु मशीनच्या आत ‘डीएफ -एच’ रूट (मुख्य) फाइल सिस्टीम जुन्याच आकाराची आणि काठोकाठ भरलेली दाखवते. त्याच वेळी डेटाबेस नवीन नोंदी घेणे थांबवतो, पॅकेजचे अपडेट मध्येच तुटते, आणि एसएसएचने आत जाता आले तरी टॅब दाबताच शेल तात्पुरती फाइल तयार करता येत नसल्याची तक्रार करतो.

याच मुळाची आणखी तीन लक्षणे आहेत. मशीन व्यवस्थित चालू असते, पण एलव्हीएमच्या ‘पीव्हीएस’ आणि ‘व्हीजीएस’ या कमांड एकही व्हॉल्यूम किंवा ग्रुप दाखवत नाहीत. एका क्लोनची डिस्क दुसऱ्या क्लोनला जोडली की एकाच ओळखीचे दोन फिजिकल व्हॉल्यूम सापडल्याचे इशारे येऊ लागतात. आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे क्लोन सुरूच होत नाही, रूट व्हॉल्यूमची वाट पाहून ड्रॅकटच्या (बूटची सुरुवातीची व्यवस्था तयार करणाऱ्या साधनाच्या) आणीबाणीच्या शेलमध्ये जाऊन थांबतो.

तपासण्यांपूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हायपरव्हायजरची डिस्क, तिच्यावरील पार्टिशन (डिस्कचा भाग), त्यावरील फिजिकल व्हॉल्यूम (एलव्हीएमच्या ताब्यात दिलेली जागा), मग व्हॉल्यूम ग्रुप (अशा जागांचा एकत्र साठा), मग लॉजिकल व्हॉल्यूम (त्या साठ्यातून कापून दिलेला हिस्सा) आणि सर्वांत वर फाइल सिस्टीम, असे हे थर आहेत. खालचा थर वाढला म्हणून वरचा आपोआप वाढत नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये महापालिकेचे पाणी जमिनीखालच्या टाकीत आले तरी ते पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवल्याशिवाय नळाला येत नाही. तसेच हे आहे. बहुतेक दुरुस्ती म्हणजे पाणी कोणत्या टाकीपर्यंत येऊन थांबले आहे, एवढे शोधणे.

आधी नेमके काय भरले आहे ते पाहावे

ही तपासणी फुकट आहे, मिनिटभरात होते, आणि तरीही सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. ‘डीएफ -एच’च्या यादीत शंभर टक्के कोणत्या ओळीवर आहे ते नीट वाचावे. टेम्प्लेटमध्ये ‘/व्हार’ स्वतंत्र लॉजिकल व्हॉल्यूमवर असेल, तर रूट कितीही वाढवले तरी डेटाबेसला एक बाइटही मिळणार नाही. त्यानंतर ‘डीएफ -आय’ चालवावे. आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी, संपले असतील तर जागा शिल्लक असूनही फाइल तयार होत नाही, आणि लाखो लहान फाइली साठवणाऱ्या मेल किंवा सेशनच्या फोल्डरमुळे हे सहज घडते. तिसरी शक्यता अशी की कोणीतरी मोठा लॉग पुसला, पण तो लिहिणारी सेवा ती फाइल अजून उघडी धरून आहे. ‘एलएसओएफ +एल१’ने अशी फाइल दिसते आणि ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा सुटते. शेवटच्या दोहोंपैकी काही निघाले, तर डिस्कला हात लावण्याची गरज उरत नाही.

श्वास घेण्यापुरती जागा मोकळी करावी

रूट पूर्ण भरलेले असताना दुरुस्तीची साधनेही अडतात, आणि त्यांचे संदेश वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात. पार्टिशन वाढवणाऱ्या ‘ग्रोपार्ट’ला ‘/टीएमपी’मध्ये तात्पुरते फोल्डर लागते, ते तयार झाले नाही की ती कमांड तेथेच थांबते. एलव्हीएम स्वतः प्रत्येक बदलापूर्वी आपल्या रचनेची मजकूर स्वरूपातील प्रत ‘/ईटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह’मध्ये ठेवते, ती लिहिता आली नाही तर व्हॉल्यूम वाढवण्याची कमांड नाकारली जाते. हे संदेश पाहून अनेकांना डिस्क खराब झाली असे वाटते, पण प्रत्यक्षात फक्त काही मेगाबाइट जागा हवी असते.

म्हणून प्रथम ‘जर्नलसीटीएल’च्या व्हॅक्यूम पर्यायाने जर्नल २०० एमबीपर्यंत खाली आणावे, पॅकेजचा साठा ‘एपीटी क्लीन’ किंवा ‘डीएनएफ क्लीन ऑल’ने रिकामा करावा. तेवढ्यानेही भागत नसेल, तर ‘/टीएमपी’वर १० एमबीची टीएमपीएफएस तात्पुरती माउंट करावी, ती मेमरीत राहते, त्यामुळे ‘ग्रोपार्ट’चे काम होते. एलव्हीएमच्या कमांडला ‘-एएन’ पर्याय देऊन प्रत ठेवणे टाळता येते, परंतु ती प्रत म्हणजे गोंधळ झाल्यास परतीची वाट असल्यामुळे हा उपाय मी अगदी शेवटी वापरतो.

या अवस्थेत रीबूट करू नये. डिस्क वाढवण्यासाठी त्याची सहसा गरजच नसते, आणि भरलेल्या रूटवर सुरू होताना एखादी सेवा उठली नाही, तर आतापर्यंत हातात असलेले एसएसएचही जाते.

‘एलएसबीएलके’ शांतपणे वाचावे

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची कमांड हीच. ती काहीही बदलत नाही आणि डिस्कपासून लॉजिकल व्हॉल्यूमपर्यंतचे आकार एकाखाली एक मांडून देते. खाली जाताना आकडा जेथे अचानक लहान होतो, तेथे काम अडले आहे.

उबुंटू सर्व्हरच्या टेम्प्लेटवर नेहमी दिसणारे चित्र असे: ‘एसडीए’ ८० जीबी, त्यात ‘एसडीए१’ १ एमबी, ‘एसडीए२’ २ जीबी म्हणजे बूट, ‘एसडीए३’ ७८ जीबी, आणि त्याखाली ‘उबुंटू-एलव्ही’ फक्त ३९ जीबी. येथे डिस्कही पुरेशी आहे आणि पार्टिशनही, तरी अर्धी जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी पडून आहे. हा दोष नव्हे, इन्स्टॉलरचे ठरलेले वागणे आहे. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडल्यावर उपलब्ध जागा २० ते २०० जीबीच्या दरम्यान असेल तर रूटला निम्मीच देतो, २०० जीबीच्या वर १०० जीबी देऊन थांबतो, आणि उरलेली जागा पुढच्या गरजेसाठी राखतो. टेम्प्लेट करणाऱ्याला हे ठाऊक नसते, आणि मग त्यावरून काढलेल्या प्रत्येक मशीनसाठी डिस्क वाढवण्याची मागणी केली जाते. अशा वेळी ‘व्हीजीएस’मध्ये मोकळ्या जागेचा रकाना पाहावा, तेथे आकडा असेल तर मधल्या सर्व पायऱ्या सोडून थेट लॉजिकल व्हॉल्यूम वाढवण्याकडे जावे.

‘एसडीए’चाच आकडा जुना असेल, तर मात्र हायपरव्हायजरकडे वळावे लागते.

हायपरव्हायजरने डिस्क खरोखर वाढवली का

व्हीएमवेअर या हायपरव्हायजरमध्ये मशीनवर एखादा स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची जपलेली नोंद) शिल्लक असेल तर डिस्कचा आकार बदलता येत नाही, तो रकाना निष्क्रिय दिसतो. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने मागे सोडलेला स्नॅपशॉट हे याचे नित्याचे कारण आहे. येथून कामाचा क्रमही ठरतो: सुरक्षिततेसाठी स्नॅपशॉट घ्यायचा असेल, तर आधी डिस्क वाढवावी, मग स्नॅपशॉट घ्यावा, मग मशीनच्या आतील पार्टिशनला हात लावावा, आणि काम झाल्यावर स्नॅपशॉट काढून टाकावा. उलट क्रमाने गेल्यास पहिल्याच पायरीवर अडकायला होते.

प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या हायपरव्हायजरमध्ये वेगळी गल्लत होते. तेथील खिडकी एकूण आकार विचारत नाही, किती भर घालायची ते विचारते. ३२ जीबीची डिस्क १०० जीबी करायची म्हणून १०० लिहिले, तर ती १३२ जीबी होते, आणि ती परत लहान करण्याची सोय नाही. म्हणून आकडा लिहिण्यापूर्वी वजाबाकी करावी.

कर्नलला नवीन आकार कळवावा

हायपरव्हायजरने वाढवले, पण ‘एलएसबीएलके’ अजून जुनाच आकडा दाखवते, असे व्हीएमवेअरवर चालू मशीनमध्ये हमखास होते. व्हर्टआयओ ब्लॉक प्रकारची, म्हणजे ‘व्हीडीए’ या नावाने दिसणारी डिस्क आकारातील बदल स्वतःहून कळवते. स्कझी प्रकारच्या डिस्कबाबत कर्नलला पुन्हा पाहायला सांगावे लागू शकते. त्यासाठी ‘/सिस/क्लास/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/रीस्कॅन’ या फाइलमध्ये १ हा अंक लिहावा. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये क्षमता बदलल्याची ओळ आली, की काम झाले. कोणतीही सेवा थांबत नाही आणि डेटाला धक्का लागत नाही.

पार्टिशन वाढवणे

येथून पुढे चुकीची किंमत वाढते, त्यामुळे आजचा बॅकअप आहे आणि तो परत उघडून पाहिलेला आहे, याची खात्री केल्याशिवाय ही पायरी ओलांडू नये. भोसरी, पिंपरी, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्यामुळे अशी कामे त्या दिवसावर ठेवली जातात, परंतु महावितरणची देखभालीची कामेही बहुधा गुरुवारीच निघतात. पार्टिशनचा तक्ता लिहिण्यापूर्वी यूपीएसच्या बॅटरीची अवस्था पाहून घेणे शहाणपणाचे आहे.

जीपीटी या पार्टिशन तक्त्याच्या नव्या पद्धतीत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढली की ती प्रत मध्येच कोठेतरी राहते, आणि ‘पार्टेड’ उघडल्यावर सगळी जागा वापरात नसल्याचे सांगून दुरुस्त करू का, असे विचारते. हा इशारा घाबरण्यासारखा नाही. ‘फिक्स’ हेच योग्य उत्तर आहे. मी स्वतः ‘ग्रोपार्ट’ पसंत करतो, कारण ती हे सर्व एका फटक्यात करते. उबुंटू-डेबियनमध्ये ती ‘क्लाउड-गेस्ट-युटिल्स’ या पॅकेजमधून येते, रेड हॅटच्या घराण्यात ‘क्लाउड-युटिल्स-ग्रोपार्ट’मधून. लिहिताना डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये मोकळी जागा हवी: ‘ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३’. ती जागा सोडायची राहून गेली की कमांड चालत नाही, आणि कारण पटकन डोळ्यांत भरत नाही.

जुन्या मार्गदर्शनांमध्ये ‘एफडिस्क’ने पार्टिशन पुसून त्याच सुरुवातीपासून पुन्हा तयार करण्याची पद्धत सांगितलेली असते. ती चालते, पण त्यात दोन खड्डे आहेत. सुरुवातीचा सेक्टर एका अंकानेही चुकला तर फिजिकल व्हॉल्यूम सापडत नाही. आणि नवे ‘एफडिस्क’ मध्येच विचारते की या पार्टिशनवर एलव्हीएमची खूण आहे, ती काढू का. घाईत ‘हो’ म्हणून तक्ता लिहिला की एलव्हीएमचे लेबल पुसले जाते. तेथे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे.

‘ग्रोपार्ट’ने बदल शक्य नसल्याचे सांगितले, तर पार्टिशनच्या मागे दुसरे काही बसले आहे का ते पाहावे. हाताने केलेल्या टेम्प्लेटमध्ये स्वॅपचे पार्टिशन शेवटी ठेवलेले असते, आणि ते भिंतीसारखे आडवे येते. डेबियनच्या जुन्या बायोस पद्धतीच्या मांडणीत एलव्हीएम ‘एसडीए५’वर असते आणि ते ‘एसडीए२’ या विस्तारित पार्टिशनच्या पोटात असते. तेथे आधी २ आणि मग ५ वाढवावे लागते. शिवाय जुन्या एमबीआर तक्त्याची मर्यादा नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबी आहे, त्यापुढील जागा त्याला वापरता येत नाही.

मांडणीच आडवी येत असेल, तर तिच्याशी झुंजण्यापेक्षा मशीनला दुसरी व्हर्च्युअल डिस्क जोडावी, तिच्यावर ‘पीव्हीक्रिएट’ करावे आणि ‘व्हीजीएक्स्टेंड’ने ती त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालावी. यानंतर मात्र ग्रुप दोन डिस्कवर पसरतो, म्हणून बॅकअपच्या कामात दोन्ही डिस्क घेतल्या जात आहेत ना, हे त्याच दिवशी तपासावे.

फिजिकल व्हॉल्यूमपासून फाइल सिस्टीमपर्यंत

पार्टिशन वाढल्यावर ‘पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३’ चालवावे. ही कमांड दोनदा चालली तरी काही बिघडत नाही, त्यामुळे शंका असेल तर पुन्हा चालवावी. ‘व्हीजीएस’मध्ये मोकळी जागा दिसू लागली की ‘एलव्हीएक्स्टेंड’ची पाळी येते.

येथे तीन गोष्टी जपाव्यात. आकारापुढे अधिकचे चिन्ह असले तर तेवढी भर पडते, नसले तर तो एकूण आकार मानला जातो. गिगाबाइटमध्ये आकार देताना कॅपिटल एल आणि ‘+१००%फ्री’सारखे प्रमाण देताना स्मॉल एल लागतो. आणि ‘एलव्हीरिसाइझ’ऐवजी नेहमी ‘एलव्हीएक्स्टेंड’च वापरावे, कारण ती व्हॉल्यूम लहान करण्यास नकार देते, तर ‘एलव्हीरिसाइझ’ चुकीच्या आकड्यावर लहान करायला निघते.

‘-आर’ हा पर्याय सोबत दिला की फाइल सिस्टीमही त्याच कमांडमध्ये वाढते. तो राहून गेला असेल, तर ईएक्सटी४साठी ‘रिसाइझ२एफएस’ला व्हॉल्यूमचा मार्ग द्यावा, आणि एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_ग्रोएफएस’ला माउंट केलेले ठिकाण द्यावे. दोन्ही कामे चालू मशीनवर होतात. रेड हॅटच्या घराण्यात ७व्या आवृत्तीपासून एक्सएफएस ही पहिली पसंती असल्याने तेथे ‘रिसाइझ२एफएस’ चालवून चुकीच्या सुपरब्लॉकचा संदेश आला, तर फाइल सिस्टीम बिघडलेली नसते, साधन चुकलेले असते.

मोकळी असलेली सगळी जागा एकदम रूटला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. एक्सएफएस एकदा वाढली की तिला लहान करण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. ग्रुपमध्ये थोडी जागा राखली, तर पुढच्या वेळी रात्री अडीच वाजता ‘/व्हार’ भरले तरी हायपरव्हायजरपर्यंत न जाता एका कमांडमध्ये सुटका होते.

‘पीव्हीएस’ गप्प असेल तेव्हा

रेड हॅटच्या ९व्या आवृत्तीपासून एलव्हीएम कोणत्या डिस्क पाहायच्या याची यादी ‘/ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेस/सिस्टम.डिव्हायसेस’ या फाइलमध्ये ठेवते, आणि तीत डिस्कची ओळख बहुधा तिच्या जागतिक क्रमांकाने लिहिलेली असते. टेम्प्लेटवरून क्लोन काढला की नव्या डिस्कला नवा क्रमांक मिळतो, यादीत मात्र टेम्प्लेटचाच राहतो. व्हॉल्यूम चालू होते म्हणून मशीन चालते, पण एलव्हीएमच्या कमांडना स्वतःची डिस्क परकी वाटते. ‘एलव्हीएमडिव्हायसेस’ने यादी पाहावी आणि ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस -ए’ने ती नव्याने भरून घ्यावी. रिकामे ‘पीव्हीएस’ पाहून डेटा गेला असे समजून ‘पीव्हीक्रिएट’ चालवण्याचा विचारही करू नये.

एकाच टेम्प्लेटच्या दोन डिस्क समोरासमोर आल्यावर

बंद पडलेल्या मशीनमधून फाइली काढण्यासाठी तिची डिस्क दुसऱ्या चालू मशीनला जोडणे ही स्वाभाविक युक्ती आहे, परंतु दोन्ही एकाच टेम्प्लेटची अपत्ये असल्यामुळे त्यांच्या फिजिकल व्हॉल्यूमची ओळख, ग्रुपची ओळख आणि ग्रुपचे नाव, सर्व सारखे असते. एलव्हीएम अशा वेळी वापरात असलेली डिस्क धरते आणि दुसरी बाजूला ठेवते. ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’ला नवे ग्रुपनाव आणि जोडलेल्या डिस्कचे पार्टिशन दिले की ओळखी बदलतात आणि मग व्हॉल्यूम सक्रिय करता येतो. एक्सएफएस असेल तर माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय लागतो, कारण फाइल सिस्टीमची ओळखही तीच असते. कमांडमधील पार्टिशनचे नाव लिहिण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ पुन्हा पाहावे. ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ यांची अदलाबदल येथे महागात पडते.

डिस्क जोडलेली असताना मशीन रीबूट करणे टाळावे. ग्रब हा बूट लोडर बूटची फाइल सिस्टीम तिच्या ओळखीवरून शोधतो, आणि दोन सारख्या ओळखींतून कोणती हाती लागेल याचा भरवसा नसतो. शिवाय ग्रुपचे नाव या मशीनवर बदलले असल्यामुळे ती डिस्क परत आपल्या मूळ मशीनमध्ये नेली तर तेथे रूट सापडणार नाही. फाइली काढून घेण्यासाठीच ती वापरावी, शक्यतो तिच्या प्रतीवर.

क्लोन सुरूच होत नसेल

ड्रॅकटच्या शेलमध्ये प्रथम ‘एलएसबीएलके’ किंवा ‘/प्रॉक/पार्टिशन्स’ पाहावे. डिस्कच दिसत नसेल, तर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल सिस्टीममध्ये, त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. रेड हॅटच्या घराण्यात ड्रॅकट ज्या यंत्रावर चालते त्याच्यापुरतेच ड्रायव्हर भरते, त्यामुळे व्हीएमवेअरवर केलेले टेम्प्लेट केव्हीएम या लिनक्समधील हायपरव्हायजरवर नेले की हे घडते. बूट यादीतील रेस्क्यू नोंद सर्व ड्रायव्हर बाळगते, तिच्यातून आत जाऊन ‘ड्रॅकट’ ‘-एफ’ आणि ‘नो-होस्टओन्ली’ या पर्यायांसह चालवावे. डिस्क दिसते पण व्हॉल्यूम दिसत नाही, असे असेल तर ग्रुपचे नाव कोणीतरी बदलले आहे आणि कर्नलच्या ओळीतील ‘आरडी.एलव्हीएम.एलव्ही’मध्ये जुनेच राहिले आहे, ही पहिली शंका घ्यावी. नाव बदलताना एफएसटॅब (माउंटची यादी), ग्रब आणि इनिटरॅमएफएस ही तिन्ही ठिकाणे एकत्र बदलावी लागतात.

यजमान सर्व्हरवरील थिन पूल

मशीनच्या आत सर्व काही बरोबर असूनही लिहिताना त्रुटी येत असतील, आणि खाली प्रॉक्समॉक्सचे एलव्हीएम-थिन असेल, तर यजमान सर्व्हरवर ‘एलव्हीएस’मधील डेटा आणि मेटाडेटा यांचे टक्के पाहावेत. थिन पूलमध्ये सर्व मशीनना मिळून प्रत्यक्षापेक्षा जास्त जागा कबूल करता येते. टेम्प्लेटवरून भराभर क्लोन काढणाऱ्या ठिकाणी ती कबुली लवकर फुगते. पूल भरला की लेखन मूळ मांडणीनुसार ६० सेकंद थांबून राहते आणि नंतर त्रुटी देते. एलव्हीएमची आपोआप वाढण्याची मर्यादा मुळात १०० वर, म्हणजे बंद असते. ती ८० वर आणावी आणि खालच्या ग्रुपमध्ये वाढायला जागा ठेवावी. मशीनच्या डिस्कवर डिस्कार्ड चालू असेल आणि आत ‘एफएसट्रिम’ चालत असेल, तरच पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळते.

टेम्प्लेटमध्ये करायची दुरुस्ती

एका क्लोनची दुरुस्ती करून थांबलो, तर पुढच्या महिन्यात तोच फोन दुसऱ्या विभागातून येतो. एलव्हीएमचे पार्टिशन डिस्कवर सर्वांत शेवटी ठेवावे, स्वॅप लॉजिकल व्हॉल्यूमवर किंवा फाइलमध्ये घ्यावे, ‘/व्हार’ वेगळे करावे आणि ग्रुपमध्ये मोकळी जागा राखावी. डेटासाठी दुसरी डिस्क द्यायची असेल, तर ती पार्टिशनशिवाय पूर्णच फिजिकल व्हॉल्यूम करावी. मग वाढवताना पार्टिशनची जोखमीची पायरी राहत नाही. पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारे क्लाउड-इनिट थेट पार्टिशनवरील रूट वाढवते, परंतु लॉजिकल व्हॉल्यूम वाढवण्याची कमांड आपल्यालाच पहिल्या बूटच्या कामांत लिहून ठेवावी लागते.

टेम्प्लेट बंद करण्यापूर्वी ‘सिस्टम.डिव्हायसेस’ फाइल काढावी, ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ रिकामी करावी (पुसू नये, फक्त आतील मजकूर काढावा) आणि एसएसएचच्या होस्ट किल्ल्या काढाव्यात. ‘व्हर्ट-सिसप्रेप’ यांतील बरेचसे करते आणि एलव्हीएमच्या ओळखीही नव्या देते, पण ते बंद मशीनच्या डिस्कवरच चालवावे. चालू मशीनच्या डिस्कवर चालवल्यास डेटा खराब होतो.

कोठे थांबावे

‘डीमेसेज’मध्ये डिस्कच्या वाचन-लेखनाच्या त्रुटी असतील, एखाद्या ओळखीची डिस्क सापडत नाही असे एलव्हीएम सांगत असेल, एक्सएफएस मेटाडेटा बिघडल्याचे कळवत असेल, थिन पूलचा मेटाडेटा भरला असेल किंवा खालच्या रेडमधील डिस्क गेली असेल, तर तेथेच हात थांबवावा आणि साठवणीचे काम जाणणाऱ्या व्यावसायिकाला बोलवावे. बॅकअप नसेल तर पार्टिशनच्या पायरीलाच थांबावे, मग दोष कितीही साधा वाटो. ‘व्हीजीरिड्यूस’चा हरवलेली डिस्क वगळणारा पर्याय, जुनी ओळख देऊन केलेले ‘पीव्हीक्रिएट’ आणि ‘एक्सएफएस_रिपेअर -एल’ या तिन्ही कमांड कोणाच्या तरी सल्ल्यावरून “एकदा करून पाहू” म्हणून चालवण्याच्या नाहीत; शेवटची तर फाइल सिस्टीमचा अपूर्ण लॉगच टाकून देते.

व्यावसायिक येईपर्यंत मशीन शक्य असल्यास बंद ठेवावे, डिस्कची संपूर्ण प्रत वेगळ्या साठवणीवर घ्यावी, आणि ‘एलएसबीएलके’, ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’, ‘एलव्हीएस’ व ‘डीमेसेज’ यांचे आधीच घेतलेले निकाल, ‘/ईटीसी/एलव्हीएम’ खालील बॅकअप व आर्काइव्ह हे दोन फोल्डर, आणि आतापर्यंत चालवलेल्या कमांडची यादी, हे सर्व त्याच्या हाती द्यावे. आर्काइव्हमधील त्या मजकूर फाइलींवरून ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ने ग्रुपची जुनी रचना परत आणता येते.